वर्गणी थकली म्हणजे सभासदत्व गेले का? संस्थेतील मताचा आणि पदाचा हक्क

गिरणाकाठ

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक ग्रंथालय आहे. मी तेथे बावीस वर्षांपासून सभासद आहे आणि मधली सहा वर्षे चिटणीस म्हणून काम केलेले आहे. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणाची बदनामी व्हावी अशी इच्छा नाही. प्रश्न मात्र खान्देशातल्या पुष्कळ संस्थांना लागू पडणारा आहे, म्हणून येथे मांडतो.

सप्टेंबरात कार्यकारी मंडळाची निवडणूक होती. छाननीच्या दिवशी, सर्व उमेदवारी अर्ज टेबलावर आल्यानंतर, थकबाकीदारांची एक यादी प्रथमच बाहेर काढण्यात आली. तीत एकेचाळीस नावे होती आणि त्यांपैकी तीन उमेदवारांची होती. तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकल्यामुळे आपण आता सभासद राहिलेला नाहीत, असे त्या तिघांना तोंडी सांगून त्यांचे अर्ज फेटाळले. त्यांतले एक आमचे नाना. ते कापूस पिकवणारे शेतकरी आहेत, पस्तीस वर्षांपासून सभासद आहेत आणि वाचनकक्षाचे बांधकाम चालू होते त्या वर्षी स्वतःच्या बैलगाडीने वाळू आणून टाकणाऱ्यांपैकी आहेत. जूनमध्ये ते दोन वेळा वर्गणी घेऊन ग्रंथालयात गेले होते. दोन्ही वेळा, पावती पुस्तक हिशेब तपासणीला गेले आहे, नंतर या, असे उत्तर मिळाले. पुढे पेरणीची आणि फवारणीची धांदल सुरू झाली आणि ते गेले नाहीत.

नोटीस नाही, यादी फळ्यावर नाही, हरकतीला मुदत नाही. वर्गणी थकल्याने सभासदत्व आपोआप संपते काय? आणि मत देण्याची पात्रता व पद भूषवण्याची पात्रता या दोन्ही एकच आहेत काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लळिंग

मी धुळ्यात वकिली करतो आणि धर्मादाय कार्यालयातील प्रकरणे अनेक वर्षे पाहत आलो आहे. येथे लिहितो तो सल्ला नव्हे. घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, वाचल्याशिवाय कोणालाही नेमके उत्तर देता येणार नाही. परंतु मूळ तरतूद सर्वांनी एकदा शांतपणे वाचावी असे वाटते.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ मध्ये सभासद कोण, हे सांगितले आहे. नियमांप्रमाणे ज्याला प्रवेश मिळाला, ज्याने वर्गणी भरली किंवा सभासदांच्या यादीवर सही केली आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही, तो सभासद. याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, ज्याची वर्गणी त्या वेळी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली असेल त्याला मत देता येणार नाही किंवा सभासद म्हणून मोजले जाणार नाही. या वाक्यात सभासदत्व संपले असे कोठेही म्हटलेले नाही. थकबाकी असेपर्यंत हक्क स्थगित राहतो. वर्गणी भरली की तो पुन्हा उभा राहतो. सभासदत्व कायमचे संपवायचे असेल तर त्यासाठी घटनेत स्वतंत्र तरतूद हवी आणि त्या तरतुदीत सांगितलेली पायरीन् पायरी पाळलेली हवी.

"त्या वेळी" हे शब्दही महत्त्वाचे आहेत. घटनेत मतदारयादीसाठी वेगळी निर्णायक तारीख दिलेली नसेल, तर छाननीच्या आदल्या दिवशी थकबाकी भरणारा सभासद छाननीच्या वेळी थकबाकीदार नसतो, अशी बाजू सबळपणे मांडता येते. आणि जो वर्गणी घेऊन दाराशी आला त्याला संस्थेनेच परत पाठवले असेल, तर त्याच थकबाकीचा आधार संस्थेला घेऊ देणे न्यायाला धरून होणार नाही. नाना दोनदा आले होते हे सांगणारा कोणी आहे काय, हे आधी पाहा.

आणखी एक. "सभासद म्हणून मोजले जाणार नाही" हा भाग गणपूर्तीलाही, म्हणजे सभा वैध होण्यासाठी लागणाऱ्या किमान हजेरीलाही, लागतो. समजा नोंदवहीत ३०० नावे आहेत, १२० जण थकबाकीदार आहेत आणि घटनेत एकतृतीयांश गणपूर्ती सांगितली आहे. मग गणपूर्ती १०० ची नव्हे तर ६० ची धरावी लागेल, आणि त्या साठांत एकही थकबाकीदार चालणार नाही. मताच्या वेळी माणसाला वगळायचे आणि गणपूर्तीच्या वेळी त्याचीच सही धरायची, हे दोन्ही एकदम करता येत नाही. गिरणाकाठ, आपण त्या दिवशीच्या सभेचे हजेरीपत्रक पाहून घ्यावे.

हातनूर

मी सध्या एका संस्थेचा चिटणीस आहे आणि दुसरी बाजूही मांडली जावी असे मला वाटते. येथील चर्चा वाचून कोणालाही वाटेल की थकबाकीदाराला रोखणारा प्रत्येक पदाधिकारी दुष्ट हेतूने वागतो. आमचा अनुभव निराळा आहे. वर्षभर ज्यांचे तोंड दिसत नाही अशी माणसे निवडणूक आली की जागी होतात. मागील वेळी एकाच दिवशी साठ जणांची तीन-तीन वर्षांची थकलेली वर्गणी एकाच माणसाने रोखीने आणून भरली. साठही पावत्या ओळीने फाडाव्या लागल्या. त्यांतील कित्येकांना आपण सभासद आहोत हेही ठाऊक नव्हते. ज्यांनी दर वर्षी वेळेवर वर्गणी भरली, ग्रंथपालाचे वेतन रखडले तेव्हा पदरची भर घातली, त्यांचे मत या साठ मतांखाली बुडून जावे काय? निर्णायक तारीख नसेल तर संस्था विकत घेता येते. म्हणून मी कडक नियमाच्या बाजूचा आहे आणि राहीन.

मात्र नियम कडक असला तरी तो आधी जाहीर केलेला हवा, हे मला मान्य आहे. आम्ही निवडणुकीच्या साठ दिवस आधीची तारीख घटनेत दुरुस्ती करून घातली आणि त्या तारखेनंतर दोन दिवसांत यादी लावतो.

बोरीचा पट्टा

मी पारोळ्याकडचा शेतकरी आहे. हातनूरदादांनी मांडलेली अडचण खरी आहे, पण एक गोष्ट या सर्व चर्चेत मागे पडते आहे. संस्थांचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ३१ मार्चला हिशेब बंद होतात, त्यांची तपासणी होते आणि वार्षिक सभा ऑगस्ट-सप्टेंबरात भरते. आपल्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात एप्रिल ते सप्टेंबर या काळात पैसा नसतो. बियाणे, खत, निंदणी, फवारणी यांवर असलेले तेवढे जाते. कापसाची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि दिवाळीच्या तोंडावर पहिला कापूस विकला जातो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर ग्रंथालयाची, भजनी मंडळाची आणि व्यायामशाळेची वर्गणी दिवाळीनंतरच भरली. पूर्वीचे चिटणीस ती त्याच वेळी घेत असत आणि त्याला कोणी थकबाकी म्हणत नसे.

आता वर्गणी १ एप्रिललाच देय झाली असे धरले, तर जुलै उजाडताच तीन महिने पूर्ण होतात. म्हणजे वार्षिक सभेच्या दिवशी गावातले बहुसंख्य शेतकरी सभासद कायद्याने मोजले जाण्यासारखे राहत नाहीत, आणि नोकरदार, दुकानदार व निवृत्तिवेतन घेणारे सभासद मात्र पात्र असतात. कोणी मुद्दाम असे केले असे मी म्हणत नाही. परंतु तारीख कोठे ठेवली यावरून संस्था कोणाची हे ठरते. वर्गणी कोणत्या तारखेला देय होते, हे तुमच्या घटनेत लिहिलेले आहे काय? बहुतेक घटनांत केवळ "वार्षिक वर्गणी रुपये अमुक" एवढेच असते.

लळिंग

बोरीचा पट्टा यांनी प्रश्नाच्या मुळाशी हात घातला आहे. देय तारीखच लिहिलेली नसेल तर थकबाकी केव्हापासून मोजायची, हे सांगता येत नाही. वार्षिक वर्गणी त्या वर्षात ३१ मार्चपर्यंत केव्हाही भरता येते, असा अर्थ कोणी लावला तर तो सहज खोडून काढता येण्यासारखा नाही. शिवाय संस्थेत अनेक वर्षे दिवाळीनंतर वर्गणी घेण्याची पद्धत असेल, तर मागील वर्षांच्या पावत्यांच्या स्थळप्रती, म्हणजे संस्थेकडे राहणाऱ्या प्रती, काढाव्यात. त्यांवरील तारखा तोंडी साक्षीपेक्षा अधिक बोलतात.

सातपुडा पायथा

मी शहाद्याची. आमच्या महिला मंडळात प्रश्न वर्गणीचा नव्हता, नावाचा होता. ज्या मुली लग्नाआधी सभासद झाल्या त्यांची नावे नोंदवहीत माहेरच्या आडनावाने आहेत. कोणाचे सासर शिरपूरला, कोणाचे तळोद्याला, कोणाचे सुरतेला. ज्या परत येथेच राहिल्या, त्यांनी सासरच्या नावाने अर्ज भरले आणि छाननीत "या नावाची सभासद नाही" असा शेरा मारून चार अर्ज बाजूला ठेवले गेले. बाई समोर उभी आहे, तिला सर्व ओळखतात, तिच्या हातात पावती आहे, आणि कागदावर ती नाही! शेवटी विवाहाचे दाखले आणून दोन अर्ज घेतले गेले. दोघी जणी रागाने परत गेल्या, त्या अजून मंडळात आलेल्या नाहीत. नोंदवही अद्ययावत ठेवणे हे चिटणिसाचे काम आहे, त्याची शिक्षा सभासदाला का व्हावी?

सूचनेबद्दलही लिहिते. आमच्या घटनेत सभेची नोटीस "यू.पी.सी.ने", म्हणजे पत्र टाकल्याचा टपाल खात्याचा दाखला घेऊन, पाठवावी असे आहे. टपाल खात्याने ती सोय २०११ मध्ये बंद केली. घटना कोणी बदलली नाही, तेव्हापासून नोटिसा व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकल्या जातात. ज्या वयस्कर सभासदांकडे साधा फोन आहे त्यांना सभा होऊन गेल्यावर कळते. आपल्याला नोटीसच मिळाली नाही असे त्यांनी सांगितले तर मंडळाकडे दाखवायला काय आहे?

यावलकर, पुण्यात

मी १९९१ साली १०१ रुपये भरून गावच्या ग्रंथालयाचा आजीव सभासद झालो. आता आजीव वर्गणी दोन हजार केलेली आहे. मला पत्र आले की फरकाची रक्कम भरावी, अन्यथा मताचा हक्क राहणार नाही. संस्थेला पैशांची गरज आहे हे मी जाणतो आणि देणगी म्हणून आनंदाने देईन. पण ज्या अटीवर मला आजीव सभासद करून घेतले ती अट मागाहून बदलून माझ्यावर थकबाकी उभी करणे मला पटत नाही. आजीव सभासदाला वार्षिक वर्गणीच नसते, मग त्याची थकबाकी कशी होईल?

दुसरी बाब अधिक खेदाची आहे. सुट्टीत गावी गेलो असता सभासदांची नोंदवही पाहिली. माझ्या वडिलांच्या पिढीतील, केव्हाच निवर्तलेल्या कित्येकांची नावे अद्याप तशीच आहेत. काही घरांत मुले वडिलांच्या जागी आपण सभासद आहोत असे समजून सभेला बसतात आणि त्यांना कोणी हटकत नाही.

लळिंग

एकेक घेतो. सभासदत्व ही वडिलोपार्जित मिळकत नव्हे. घटनेत तशी तरतूद नसेल तर ते व्यक्तीबरोबर संपते आणि मुलाला स्वतंत्र अर्ज करून प्रवेश घ्यावा लागतो. मयतांची नावे कमी करण्याचा ठराव दर वर्षी व्हायला हवा. आजीव सभासदाच्या बाबतीत यावलकर यांचे म्हणणे मला योग्य वाटते. नवा दर नव्या सभासदांना लावावा.

सभासद वगळण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल येथे सांगण्यासारखा आहे. बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया या संस्थेतून काढलेल्या सभासदाचे प्रकरण होते आणि तो निकाल १९६३ च्या निर्णयसंग्रहात छापलेला आहे. खासगी संस्थेने आपल्या सभासदाला काढताना स्वतःच्या नियमांचे काटेकोर पालन केले पाहिजे आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली पाहिजेत, असे त्यात मान्य केलेले आहे. आरोप काय हे कळवणे आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे, एवढे तरी झालेच पाहिजे.

१९७१ चा हिंदी साहित्य संमेलनाचा निकालही लक्षात ठेवावा. संसदेने १९६२ मध्ये कायदा करून त्या संस्थेच्या सभासदत्वाची रचनाच बदलली होती. न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण संघटना स्थापन करण्याच्या हक्कात, आपण स्वेच्छेने ज्यांना प्रवेश दिला त्यांच्याबरोबरच संघटना पुढे चालवण्याचा हक्कही येतो, असे न्यायालयाने म्हटले. कार्यकारी मंडळे या निकालाचा आधार घेऊन, कोणाला ठेवायचे ते आम्ही ठरवू, असे म्हणतात. त्यांनी हे पाहावे की तो हक्क सर्व सभासदांचा आहे. पाच-सात पदाधिकाऱ्यांनी एका दुपारी एकेचाळीस सभासद कमी केले, तर रचना त्यांनीच बदलली असे होते.

आता पदाच्या पात्रतेकडे येतो. मत देण्याची आणि पद भूषवण्याची पात्रता एकच नसते. पदासाठी घटना अधिक अटी घालू शकते: सभासदत्वाला किमान अमुक वर्षे झालेली असावीत, संस्थेचा पगारी नोकर नसावा, सलग तीन सभांना विनाकारण गैरहजर राहिल्याने पूर्वी पद गेलेले नसावे, इत्यादी. त्या अटी लेखी असाव्यात आणि अर्ज मागवण्यापूर्वीच्या असाव्यात. छाननीच्या टेबलावर नवी अट जन्माला येऊ शकत नाही. अलीकडे काही संस्थांत "क्रियाशील सभासद" हा शब्द ऐकू येतो, सभेला हजर न राहिल्यास उमेदवारी नाही असे सांगितले जाते. तो शब्द सहकारी संस्थांच्या कायद्यातून आलेला आहे. पतपेढीत किंवा विविध कार्यकारी सोसायटीत काम केलेली मंडळी तो येथे घेऊन येतात, पण ग्रंथालय ही सहकारी संस्था नाही, आणि घटनेत तशी अट नसेल तर ती लावता येत नाही.

शेवटचे. आपल्या राज्यात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते. नवे मंडळ निवडले गेले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे नव्या मंडळाची नोंद करून घेण्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. त्या अर्जाच्या चौकशीत हरकत घेता येते. गिरणाकाठ, आपल्या नानांची खरी जागा तेथे आहे. निकाल लवकर लागेल असे मी म्हणणार नाही, परंतु कागद आज तयार झाला नाही तर पुढे तो तयार होत नाही.

हातनूर

लळिंग यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. एका मुद्द्यावर नाही. आदल्या दिवशी थकबाकी भरून उभे राहणारा उमेदवार कायद्याने पात्र ठरत असेल, तरी मी त्याला मत देणार नाही. ज्याला वर्गणीची तारीख लक्षात राहत नाही त्याने कोषाध्यक्ष होऊ नये. हा माझा मतदार म्हणून निर्णय आहे, छाननी करणाऱ्याचा नव्हे, हा फरक मात्र या चर्चेमुळे मला स्पष्ट झाला. सातपुडाताई, आमच्याकडेही माहेरच्या नावांचा घोळ आहे. नोंदवहीत दोन्ही नावांसाठी रकाना वाढवण्याचा विषय पुढच्या बैठकीत घेतो.

बोरीचा पट्टा

साठ दिवस आधीची तारीख ठेवायची तर निवडणूकच जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावी, असा पर्याय सुचवतो. १८९३ पासून धुळ्याची सत्कार्योत्तेजक सभा आणि १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ लोकांच्या आधारावर उभे आहे. या भागात संस्था चालवणे लोकांना नवीन नाही. हंगाम पाहून तारीख ठरवणे अवघड नाही.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान जे झाले ते कळवतो.

हजेरीपत्रकाची प्रत लेखी अर्ज करून मिळवली. ज्या एकेचाळीस जणांना सभासद नाही म्हटले गेले, त्यांपैकी नऊ जणांच्या सह्या त्याच महिन्याच्या वार्षिक सभेच्या हजेरीत आहेत आणि गणपूर्ती पूर्ण झाल्याची नोंद त्या सह्या धरूनच केलेली आहे. मागील सहा वर्षांच्या स्थळप्रती पाहिल्या. शेतकरी सभासदांच्या बहुतेक पावत्या कार्तिक ते माघ या महिन्यांतल्या आहेत, माझ्याच चिटणीसपदाच्या काळातल्या पावत्यांवर माझी सही आहे. घटनेत देय तारीख नाही. ती घालून घेण्याची बुद्धी मला त्या सहा वर्षांत झाली नाही, याचे आज वाईट वाटते.

ग्रंथपालांनी, नाना जूनमध्ये दोनदा आले होते, हे लेखी देण्याची तयारी दाखवली आहे. नोकरी सांभाळून त्यांनी हे करावे यासाठी मी आग्रह धरला नव्हता. ते स्वतः पुढे आले. बदल अर्ज दाखल झालेला आहे आणि आमची हरकत तयार आहे. त्याखेरीज देय तारीख ३१ डिसेंबर करावी, मतदारयादी साठ दिवस आधी फळ्यावर लावावी आणि नावातील बदलासाठी रकाना ठेवावा, या दुरुस्त्यांसाठी विशेष सभा बोलवावी अशी मागणी घटनेप्रमाणे लागतील तेवढ्या सह्यांनिशी दिली आहे. सह्या करणाऱ्यांत नव्या मंडळातील दोघे आहेत.

पहिला कापूस विकून आल्यावर नाना परवा पुन्हा ग्रंथालयात गेले आणि या वेळी वर्गणी घेतली गेली. नवा प्रवेश अर्ज मागितला नाही, प्रवेश शुल्कही घेतले नाही. पावतीवर "थकीत वर्गणी" असे लिहिले आहे आणि सभासद क्रमांकाच्या रकान्यात त्यांचा पस्तीस वर्षांपूर्वीचाच क्रमांक आहे. ती पावती हरकतीला जोडली आहे.